पाळकसाहेब हसत नाहीत

कुरुळी,
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सलाम. साखरपुडा पार पडला. तुझ्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला असं सगळ्यांना सांगितलं, आणि तुझ्या वाटणीचा गुलाबजाम मीच खाल्ला. फोन करत नाही, कारण तुझ्या कानाचं यंत्र शिट्या मारतं. मोबाईलवर लिहून पाठवलं तर अक्षर बारीक म्हणून तू ते शेजारच्या कुसुमताईंकडून वाचून घेतेस. कुसुमताईंचा आवाज चांगला आहे, सगळ्या गल्लीला पोचतो. आज जे लिहायचंय ते गल्लीसाठी नाही, म्हणून हा कागद आणि मोठं अक्षर.

आत्या, हे स्थळ तू आणलंस. आमोस ओहोळ, आमच्याच मंडळीचे पाळक. माणूस चांगला आहे, त्यात वाद नाही. आमची मंडळी म्हणजे नगर-जालन्याकडून चाकणच्या कंपन्यांत आलेली माणसं, आणि आमचं देऊळ म्हणजे लालमहंमदचाचांच्या गॅरेजच्या वरचा हॉल. कोणाची रात्रपाळी, कोणाची सकाळची. आमोस प्रत्येकाची पाळी लक्षात ठेवून त्याच्या घरी जातात, झोपमोड करत नाहीत. आजाऱ्याला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. सगळं खरं. पण हा माणूस हसत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी मोठ्या माणसांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. काय बोलावं सुचेना म्हणून मी कंपनीतला किस्सा सांगितला. आम्ही गाड्यांचे डॅशबोर्ड बनवतो आणि मी क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर खोट काढायची आणि खराब मालाला ‘रिजेक्टेड’चं लाल स्टिकर लावायचं. ते स्टिकर एकदा आमच्या ज्ञानेशसरांच्या पाठीला चिकटलं. सर तसेच सगळा प्लांट फिरले आणि तसेच मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटिंगला जाऊन बसले. आत्या, हा किस्सा ऐकून आमचा सिक्युरिटीवालासुद्धा हसला होता. आमोस वळले आणि पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “टाकी गळतेय बहुतेक.” टाकी गळत नव्हती.

मी सरळ विचारलं, तुम्ही कधी हसता का? तर म्हणाले, शास्त्रात येशू रडला असं लिहिलेलं आहे, हसला असं कुठेही लिहिलेलं नाही.

पप्पा गेल्यावर या घरात हसू परत यायला किती काळ गेला ते तू पाहिलंयस. तुझा भाऊ दवाखान्याच्या खाटेवरूनही नर्सला हसवत होता. मी त्याची मुलगी आहे. ज्याच्यासमोर हसायची चोरी, त्याच्याबरोबर मी जन्म कसा काढू? आईला म्हटलं तर ती म्हणते, लग्नानंतर हसेल. जणू हसू म्हणजे फ्रीजबरोबर येणारी वॉरंटी.

२ फेब्रुवारीपासून उपासनेत आमच्या लग्नाची घोषणा वाचायला सुरुवात होईल. ओळीने तीन रविवार वाचायची आणि प्रत्येक वेळी विचारायचं की कोणाची हरकत आहे का. तिसऱ्या वेळीही कोणी बोललं नाही की लग्न पक्कं. मार्चच्या सुरुवातीला उपवासकाळ लागतो, त्यात घोषणा वाचत नाहीत, म्हणून ही घाई. मला नाही म्हणायचं असेल तर तोवरच. तू शास्त्रातलं हसू शोधून दे, नाहीतर नाही म्हणायला परवानगी दे.

तुझी,
सुवार्ता


नेवासे,
१४ जानेवारी

चि. सुवार्ता,

सलाम आणि पाठीत एक धपाटा. गुलाबजाम दोन खाल्ले असशील, एकावर थांबणारी तू नव्हेस.

येशू हसला असं शास्त्रात लिहिलेलं नाही, खरं आहे. तो शिंकला असंही लिहिलेलं नाही. म्हणून त्याला कधी पडसं झालंच नाही असं धरायचं का? उन्हातान्हात कोळ्यांबरोबर हिंडणारा, लग्नाला जाणारा, जकातदारांच्या पंगतीला बसणारा माणूस. असल्या माणसाला तोंड पाडून बसलेला बघून कोणी दुसऱ्यांदा जेवायला बोलावलं असतं? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या आणि स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ घेऊन फिरणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने सांगितली. मी बायबलबाई म्हणून गावोगाव हिंडले, दर वेळी ही गोष्ट सांगितली की उखळापाशी बसलेल्या बायका मुसळाकडे बघायच्या आणि खिदळायच्या. गालिलातल्या बायका काय वेगळ्या असतील?

आणखी पाहिजे? सारा घे. नव्वदीची म्हातारी, तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकते की तुला मूल होणार, आणि हसते. देव विचारतो, का हसलीस? म्हणते, मी नाही हसले. देव म्हणतो, हसलीस. सगळ्या विश्वाचा धनी एका म्हातारीशी हसलीस-नाही हसले असं भांडतोय. मग पोर झालं, त्याचं नाव इसहाक ठेवलं, त्याचा अर्थच मुळी हसणं. देवाने तिच्या हसण्याची शिक्षा दिली नाही, ते हसू पाळण्यात घालून तिच्या हातात दिलं.

आणि पेत्राचं ऐक. तो तुरुंगातून सुटून मंडळीच्या दाराशी आलाय. आत मंडळी त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करतेय. रुदा नावाची पोरगी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात आत धावते आणि दार उघडायचंच विसरते. आतले शहाणे तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. त्यांची प्रार्थना बाहेर उभी राहून कडी वाजवतेय आणि हे आत प्रार्थना करतायत. आमच्या नेवाशाच्या मंडळीतही असंच चालतं, म्हणून मला ते खरं वाटतं.

ही सगळी हत्यारं तुला दिली. आता आमोसविषयी. तो लहानपणी माझ्या रविवारच्या शब्बाथशाळेत होता. तुला वाटतो तसा तो नाही. याच्यापुढे मी बोलणार नाही, कारण मी त्याला शब्द दिलाय. घाई करू नकोस.

आत्या


कुरुळी,
२२ जानेवारी

प्रिय आत्या,

हत्यारं चालवली. उलटली.

शुक्रवारी उद्धवरावांच्या घरी प्रार्थनासभा होती. उद्धवराव आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांतले मुख्य. कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले, पण अजून सगळ्या जगाची नोंद त्यांच्याकडे करावी लागते. वचन सांगायची पाळी माझी होती. मी साराबाई आणि रुदा सांगितल्या, आणि वर माझ्या पदरचा युतुख सांगितला. पौल मध्यरात्रीपर्यंत उपदेश करतोय, खिडकीत बसलेल्या युतुखाला डुलकी लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल खाली जाऊन त्याला जिवंत करतो, वर येतो, आणि काय करतो? उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसतो! मी म्हटलं, एवढं होऊनही उपदेश आटोपता घ्यावा असं प्रेषितालाही वाटलं नाही, मग आपल्या पाळकांना नावं का ठेवायची? खोलीभर हशा पिकला. नेमके उद्धवरावच खिडकीला टेकून पेंगत होते, ते दचकून उठले, आणि मग तर विचारूच नकोस.

आमोसना जोराचा खोकला लागला. रुमाल तोंडावर धरून ते गॅलरीत गेले, ते शेवटच्या गीतापर्यंत आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज बसलेला. शेवटची प्रार्थना त्यांनी एवढी घाईत केली की आशीर्वाद राहूनच गेला. उद्धवराव जाताना म्हणाले, वचनाचा तमाशा करू नये. आमोसनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मग रविवारी आई, मी आणि ते पिंपरीच्या बाजारात साडी घ्यायला गेलो. दुकानदार अंगाने भरलेला, झुपकेदार मिशांचा. त्याने शालू स्वतःच्या खांद्यावर घेतला, निऱ्या धरल्या, मान वेळावली आणि विचारलं, “ताई, नवरी कशी दिसतेय?” आई हसली, मी हसले, दुकानातली पोरं हसली. आमोस उठले आणि गाडी नीट लावली आहे का ते बघायला गेले. आम्ही शेअर रिक्षाने गेलो होतो, आत्या. गाडी कुठली?

मी एवढी वाईट आहे का ग, की मी हसले की माणसाने उठून जावं? चूक काढायचं माझं कामच आहे, पण या माणसातला दोष मला सापडत नाही आणि सोबतही सापडत नाही. खरं सांगते, मला ते आवडायला लागलेत. म्हणून तर जास्त त्रास होतो.

सुवार्ता


नेवासे,
२९ जानेवारी

चि. सुवार्ता,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की कुसुमताई धावत आल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला काही झालं.

खोकला म्हणतेस? डोळे लाल? नसलेली गाडी बघायला गेला? पोरी, तू दिवसभर भिंगातून माल तपासतेस आणि डोळ्यासमोरचं दिसत नाही. त्याला राग आला असं तुला कोणी सांगितलं? जरा त्याच्या मागोमाग गॅलरीत जाऊन बघायचं होतंस.

माझ्या जिभेवर आलंय, पण शब्द दिलाय, आणि या वयात शब्द मोडायला भीती वाटते. वर जायची वेळ जवळ आली की माणूस हिशेब नीट ठेवतो. एवढंच सांगते की ती विहीर कोरडी नाही, वर झाकण घातलंय. झाकण का घातलंय ते त्यालाच विचार. उभ्या-उभ्या विचारू नकोस, बसवून विचार.

मला तुमचं लग्न व्हावंसं वाटतं. माझा भाऊ गेल्यापासून तुझ्या पत्रांतलं हसू जरा जोर लावून आणलेलं असतं. ते मला कळतं. आमोसबद्दल लिहितेस तेव्हा तसं नसतं.

आत्या


कुरुळी,
१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बसवून विचारलं. कुरुळी फाट्यावर, चहाच्या टपरीवर. शिफ्ट सुटायच्या आधीची वेळ होती, गर्दी नव्हती. मी विचारलं, माझ्या बोलण्याचा राग येतो का? म्हणाले, नाही. मग हसू येत नाही का? त्यांनी चहा ढवळला, आणि बराच वेळ ढवळत राहिले. टपरीवाल्याने साखर घालूनच दिला होता.

मग म्हणाले, “सुवार्ता, पाळकाचं हसू दुसऱ्याला महाग पडतं. मी ते सोडून दिलंय.” कोणी तंबाखू सोडल्याचं सांगावं तसं. मी म्हटलं, माझ्यासमोरही? तर म्हणाले, थोडंसं म्हणून सुरू केलेलं थोडं राहत नाही. मी म्हटलं, मग मला हे लग्न जमणार नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस भांडेल. तो म्हणाला, “तुझी हरकत असेल तर घोषणेच्या वेळी सांग. मी अडवणार नाही. नियमाप्रमाणे लिहून घेईन.”

पहिली घोषणा २ तारखेला झाली, दुसरी काल. जिल्ह्याचे मोठे पाळक दूर असतात, म्हणून आमची घोषणा आमोसच वाचतात. स्वतःचं लग्न स्वतःच जाहीर करायचं आणि वर लोकांना विचारायचं की कोणाची हरकत आहे का. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा असा, जणू कंपनी बंद होण्याची नोटीस वाचतायत. खालच्या गॅरेजमध्ये लोकांनी ऐकावं म्हणून नव्हे, पण पंखे कर्कश आहेत म्हणून आमचा भोंगा मोठा असतो. म्हणजे अख्ख्या चौकात माझं लग्न जाहीर झालंय आणि मी मात्र खाली मान घालून बसते.

तिसरी घोषणा १६ तारखेला आहे. मी ठरवलंय. ते हरकत विचारतील तेव्हा मी उभी राहणार आणि सांगणार की माझी हरकत आहे, मला हसणारा नवरा पाहिजे. आईला सांगितलेलं नाही. त्या रविवारचा ओव्हरटाइम नाकारलाय. तुला वाईट वाटेल हे माहीत आहे. मलाही वाटतंय. काल रात्री पापणीला पापणी लागली नाही.

सुवार्ता


नेवासे,
१३ फेब्रुवारी, स्पीड पोस्टाने

सुवार्ता,

शब्द मोडते. देव आणि आमोस मला बघून घेतील.

आमोसची पहिली नेमणूक इकडे, आमच्या शेजारच्या गावात होती. तीन वर्षांपूर्वी तिथले कोंडाजी वारले. कोंडाजी म्हणजे ताडमाड माणूस. देवळात बसले की त्यांचे पाय बाकाखालून मधल्या वाटेत यायचे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना म्हणायचा, कोंडाजी, पाय घे जरा. जन्मभर हेच ऐकलं त्यांनी. तर मातीच्या दिवशी काय झालं, खणणाऱ्यांनी नेहमीच्या मापाचा खड्डा खणला. पेटी उतरवायला लागले तर ती मावेना, पायाकडची बाजू वरच अडकली. सगळे घाबरेघुबरे. आमोस पुस्तक घेऊन प्रार्थना म्हणतोय, आणि रोहिदास म्हणून एक म्हातारे पंच पुढे झाले, पेटीकडे बघून सवयीने म्हणाले, “कोंडाजी, पाय घे की जरा.”

आमोसला हसू फुटलं. त्याचं हसू साधं नाही, लहानपणी मी त्याला शब्बाथशाळेतून बाहेर बसवायची. एकदा सुटलं की त्याच्या हातात राहत नाही. कोंडाजीची बायको सरूबाई तिथेच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदगदायला लागले. विधवेच्या दुःखावर पाळक हसला म्हणून माणसं आमोसच्या अंगावर गेली. प्रार्थना अर्धी टाकून तो तिथून निघाला. वरपर्यंत तक्रार गेली, त्याची बदली झाली. सरूबाईने त्या दिवसापासून देवळात पाऊल ठेवलेलं नाही. आमोस समजतो, त्याने एक जीव प्रभूपासून तोडला. म्हणून ते झाकण.

हे वाचून मगच रविवारी काय ते कर.

आत्या


कुरुळी,
१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं स्पीड पोस्ट आज सोमवारी आलं. आता कालचं ऐक.

आमोस उभे राहिले, कागद उघडला. या मंडळीचे पाळक आमोस आणि याच मंडळीतली कुमारी सुवार्ता यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची घोषणा, असं वाचलं. कोणाची योग्य हरकत असेल तर त्याने आताच सांगावं. मग ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून पेन काढून टोपण उघडून ठेवलं होतं. लिहून घेईन म्हणाले होते ना. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून अर्धी उठले.

तेवढ्यात मागून आवाज आला, “हरकत आहे.”

लालमहंमदचाचा. हात ग्रीसने काळे, चपला जिन्यात काढलेल्या, डोक्यावर टोपी नीट बसवलेली. सगळी मंडळी वळून बघतेय. चाचा अदबीने म्हणाले, “साहेब, माफ करा, तुमच्या प्रार्थनेच्या टायमाला आलो. दोन इतवार झाले, तुम्ही भोंग्यावर विचारताय, कुणाची हरकत आहे का. मी म्हटलं, जाऊ दे, शेजारी आहेत, कशाला बोलायचं. आज म्हणालात, शेवटचं. मग पुन्हा कधी सांगू? तुमच्या लोकांच्या गाड्या माझ्या शटरसमोर लागतात. गिऱ्हाइकाला आत येता येत नाही. एवढीच हरकत. बाकी तुमचं चालू द्या.”

तेव्हा उद्धवराव उभे राहिले, चष्मा लावला आणि गंभीरपणे विचारलं, “पाळकसाहेब, ही हरकत योग्य धरायची का?”

आधी आमोसच्या नाकातून शिटीसारखं काहीतरी आलं. मग खोकल्याचा एक प्रयत्न झाला. मग ते सुटलं. बिनतेलाचा हापसा कोणी जीव खाऊन मारावा तसा आवाज, मधेच एक उचकी, आणि पुन्हा हापसा. पेन खाली पडलं. माईक तोंडासमोर, भोंगा चालू, सगळ्या चौकाला ते ऐकू गेलं. पोरं हसली, मग बायका, मग रात्रपाळी करून आलेले पेंगुळलेले पुरुष. चाचा आधी गोंधळले, मग तेही हसायला लागले. मला विचारशील तर मी हसलेच नाही. मी त्यांच्याकडे नुसती बघत बसले. एवढं सुंदर हसणं आणि एवढं बेढब, दोन्ही एकदम मी कधी बघितलं नव्हतं.

आणि मग ते थांबले. चेहरा पांढरा पडला. “मला क्षमा करा,” म्हणाले आणि जिन्याने खाली गेले.

मी मागोमाग गेले. गॅरेजमध्ये टायरांवर बसले होते. सगळं सांगितलं, कोंडाजी, खड्डा, सरूबाई. त्या गच्चीवर, त्या गॅलरीत, साडीच्या दुकानाबाहेर ते हसूच दाबत होते, तेही सांगितलं. मी म्हटलं, मी हरकत घ्यायला उठले होते, ती हरकत आता उरली नाही, चला वर. तर म्हणाले, “तुझी उरली नाही, माझी आहे. जिच्या माणसाच्या मातीवर मी हसलो, तिची माफी मागितल्याशिवाय मी पुन्हा त्या जागी उभा राहणार नाही. आणि तिच्या दारात जायची मला तीन वर्षांत हिंमत झाली नाही.” आत्या, पाळकपणाचा राजीनामाही त्यांनी लिहून ठेवलाय.

उद्धवरावांनी निकाल दिलाय की घोषणा मध्येच तुटली, त्यामुळे तिसरी पुन्हा वाचावी लागेल. उपवासकाळाआधी एकच रविवार सोयीचा आहे, २ मार्च. चाचांनी गाड्यांसाठी मागचं पटांगण दाखवलं आणि वर सगळ्यांना रोशनबीचाचींच्या हातचा चहा पाठवला. मंडळी आमोसवर अजिबात रागावलेली नाही, पण आमोसना ते पटत नाही.

मला हा माणूस पाहिजे. आता दुसरा कोणी चालणार नाही. तू सरूबाईंकडे जा. गुडघा दुखतो हे माहीत आहे, तरी जा.

सुवार्ता


नेवासे,
२४ फेब्रुवारी

चि. सुवार्ता आणि चि. आमोस,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा. आमोस, तुला दिलेला शब्द मी मोडला. लग्नात मला पहिल्या पंगतीला वाढू नका, म्हणजे फिटलं.

गुडघ्याला पट्टी बांधून एसटीने गेले. सरूबाई अंगणात बाजरी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि हात जोडून म्हटलं, बाई, त्या पोराला क्षमा कर. तुझ्या माणसाच्या मातीला तो हसला, त्याचं त्याला इतकं लागलंय की त्याने हसणंच टाकलं, आणि आता देवाचं कामही टाकायला निघालाय. तिने सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, झालं, जखमेची खपली काढली मी. कान माझे कामाचे नाहीत, त्यामुळे रडणं ऐकू येईना. जवळ जाऊन पदर बाजूला केला.

ती हसत होती.

मग तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, मोठ्याने, शेजारपाजार ऐकत होता तरी. “तबिथाबाई, त्या दिशी बी मी रडत न्हवते. रोहिदासभाऊ म्हणले, पाय घे, आन् मला जलमभराचं समदं आठवलं. बाजंच्या भाईर पाय, एसटीत लोकांच्या अंगावर पाय, लगीन लागलं तवा डोईवरच्या पदराखालनं आदी पायच दिसले मला. हसू आवरंना. पदर लावला. लोक म्हणले, बिचारी रडती, आन् धावले त्या पोरावर. मी गप ऱ्हायले. नवऱ्याच्या मातीला बाई हसली, असं कोणत्या तोंडानं सांगू? पोराची बदली झाली. मग देवळात तरी कोणत्या तोंडानं जाऊ?”

तेव्हा मात्र ती रडली. मीही रडले, आणि रडता रडता आम्हाला पुन्हा हसू आलं. शास्त्र म्हणतं, रडायला समय आहे आणि हसायलाही समय आहे. दोन्ही एकाच वेळी आले तर काय करावं हे काही मला सापडलेलं नाही. पण त्या खड्ड्याच्या काठावर दोन माणसांना एकाच गोष्टीचं हसू आलं, आणि तीन वर्षं दोघंही एकमेकांचा अपराध केल्याचं ओझं वाहत बसले, हे देवाला आवडलं असेल असं मला वाटत नाही.

आमोस, ती तुला माफ करायला तयार नाही. म्हणते, माफी तिनेच मागायची आहे. पण तिचं एक मागणं आहे. त्या दिवशी तू गेलास, आणि मग कोणीच काही म्हटलं नाही, माती लोटली आणि लोक घरी गेले. तिच्या माणसाची प्रार्थना अर्धी राहिली आहे. ज्याने सुरू केली त्यानेच येऊन ती पुरी करावी, असं ती म्हणते. तर १ मार्चला, शनिवारी, सकाळच्या गाडीने दोघेही या. रविवारी परत जाऊन तिसरी घोषणा वाचा, आणि सुवार्ता, या वेळी बसून राहा.

सरूबाईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तिने तो माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला: “त्याला सांगा, मदी हसू आलं तर खुशाल हस. आमचे हे काय रागवायचे न्हाईत. पर ह्या टायमाला आमेन म्हटल्याबिगर जाऊ नको.”

आत्या